चौथे दान

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जातात. पहिल्या तिन्हींसाठी समाजाने भोजनशाळा, दवाखाने, पाठशाळा आणि वसतिगृहे उभारली. चौथ्या दानाचा विचार मात्र आपण बहुधा पांजरापोळापाशी थांबवतो. मुक्या जिवाला अभय द्यावे हे योग्यच. पण नोटिशीचा कागद हातात धरून पोलीस ठाण्याच्या पायरीवर थबकलेल्या माणसालाही अभय हवेच असते.

बँकेत शाखाधिकारी असतानाचा एक प्रसंग मनातून जात नाही. मजुरी करणारी एक विधवा पतीच्या खात्यातील अल्प रक्कम मागण्यास आली. खात्याला नामनिर्देशन नव्हते. काउंटरवरून तिला 'कोर्टातून वारसाचा दाखला आणा' असे सांगण्यात आले आणि ती निमूटपणे निघून गेली. लहान रकमांचे असे दावे न्यायालयाचा दाखला न मागता हमीपत्रावर निकाली काढावेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या २००५ मधील सूचना माझ्या फायलीत होत्या. शाखेत गर्दी होती. मी खुर्चीतून उठलो नाही. ती पुन्हा आली नाही.

कायद्याचेही असेच आहे. गरिबाला मोफत विधी साहाय्य देण्याचे तत्त्व १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ म्हणून संविधानात आले. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. परंतु हे त्यांना सांगणार कोण?

विधी महाविद्यालयांतील साहाय्य केंद्रे त्यासाठीच आहेत. विद्यार्थ्याला सनद नसल्याने तो न्यायालयात युक्तिवाद करू शकत नाही. मात्र समोरच्याचे म्हणणे शांतपणे ऐकणे, ते त्याच्याच शब्दांत लिहून वाचून दाखवणे, अर्ज तयार करणे, योग्य कार्यालयाची वाट दाखवणे आणि ऐकलेले गुप्त राखणे, हे तो शिकू शकतो. मानवी हक्कांचे शिक्षण खऱ्या अर्थाने येथे सुरू होते.

ऐकून घेण्याने काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कोठडीत स्त्रियांना मारहाण झाल्याचे पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला कळवले. न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात जाऊन कैदी स्त्रियांशी बोलण्यास सांगितले. १९८३ च्या निकालाने स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, असा दंडक घालून दिला.

आपल्या शहरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह आहे, २०१७ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. मराठवाडा मुक्तिसंग्रामातील माणिकचंद पहाडे यांच्या नावाचे विधी महाविद्यालय तर कित्येक दशकांपासून आहे. आपल्या कुटुंबांतील मुले-मुली आता कायदा शिकू लागली आहेत. त्यांनी कंपनी कायदा आणि करप्रणाली शिकावी, ही पालकांची अपेक्षा स्वाभाविक आहे. त्याबरोबरच आठवड्यातील काही तास त्यांनी साहाय्य केंद्रातही बसावे, असा माझा आग्रह आहे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. उद्या मोंढ्यातील एखादा हमाल थकलेल्या मजुरीची तक्रार घेऊन त्या टेबलासमोर बसला आणि पेढीचे नाव आपलेच निघाले तर? केंद्रातील मुलीने घरी येऊन १९६९ च्या माथाडी कायद्याविषयी विचारले तर? तिला गप्प बसवणे सोपे आहे. परंतु व्यापाऱ्याची साख खातेवहीत चूक सापडल्याने जात नाही, ती चूक दडवल्याने जाते. देणे निघाले तर द्यावे आणि मुलीला शाबासकीही द्यावी.

त्या विधवेचा दावा निकाली काढण्यास मला जेमतेम पंधरा मिनिटे लागली असती. तेवढा वेळ देण्याची सवय आपल्या मुलांना विसाव्या वर्षी लागावी. मला ती निवृत्तीपर्यंत पुरती लागली नव्हती.