पाटी त्यांची, घाम आपला

दोस्तहो, वस्तीत नवं खूळ शिरलंय. नोकरी सांभाळून चहाची फ्रँचायझी घ्या म्हणे, घरबसल्या जोडकमाई! मी म्हणतो, आधी हिशेब मांडा.

फी आगाऊ भरायची, ती सहसा परत मिळत नाही. दुकानाचं डिपॉझिट, फर्निचर आपलं. माल कंपनीकडूनच, तिच्याच भावानं. वर रॉयल्टी, बहुतेक करारांत ती नफ्यावर नाही, विक्रीवर! समजा महिन्याची विक्री 2 लाख, रॉयल्टी 6 टक्के. म्हणजे 12 हजार आधी कंपनीचे. मग भाडं, वीज, पोरांचा पगार, बँकेचा हप्ता. तोटा झाला तर तो एकट्या आपल्या बोकांडी.

अमेरिकेत सहीच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही.

पाटीवर आपलं आडनाव नसतं, गिऱ्हाईक जात हुंगत नाही. ही ओढ मला कळते. पण आडनाव झाकायचं भाडं दरमहा का भरायचं?

दिवसभर स्वतः गल्ल्यावर बसणार असाल, तर चालू दुकानदाराच्या वह्या बघा, मगच सही करा. नोकरी करून जोडकमाई हवी असेल, तर या फंदात पडू नका.