शेळी मिळते, पहिल्या वर्षाचा आधार मिळत नाही

मुंबई-गोवा महामार्गावर पेण मागे पडले की वडखळचा नाका लागतो. अलिबागकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. एका बाजूस धरमतर खाडी आणि तिच्या काठची खारजमीन, त्यापलीकडे डोलवीचा पोलाद कारखाना आणि दुसऱ्या बाजूस डोंगरउतारावर विखुरलेल्या आदिवासी वाड्या, असे या परिसराचे चित्र आहे. येथून शंभर किलोमीटरच्या आत देवनारचा पशुबाजार आहे. बकरी ईदच्या सुमारास तेथे राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून ट्रक भरभरून बोकड येतात. त्याच पेण तालुक्यातील कातकरी कुटुंबे मात्र दिवाळी सरली की वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांच्या वाटेला लागतात. बाजार हाकेच्या अंतरावर, मागणी बारमाही आणि शासनाची योजनाही उपलब्ध, असे असताना 'गरिबाची गाय' म्हणविणारी शेळी या कुटुंबांना गरिबीतून बाहेर का काढू शकत नाही, हा प्रश्न त्यामुळेच विचारात घेण्याजोगा ठरतो.

शेळीपालन वाढत आहे, यात शंका नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या होत्या. महाराष्ट्रात २०१२ साली ८४ लाखांच्या घरात असलेली ही संख्या २०१९ मध्ये १ कोटी ६ लाखांवर गेली. गाय-बैलांची आकडेवारी खालावत असताना झालेली ही वाढ बोलकी आहे. शेळीला भांडवल कमी लागते, अडीअडचणीला ती चटकन विकता येते आणि दुधासाठी संकलन केंद्राची वाट पाहावी लागत नाही. गरीब घरात दोन शेळ्या म्हणजे एक प्रकारची बचतच असते. परंतु आजारपणात किंवा लग्नकार्यात मोडायची बचत वेगळी आणि वर्षभर घर चालविणारा व्यवसाय वेगळा. योजना आखताना या दोहोंतील अंतराचा विसर पडतो.

शेळीचा गाभणकाळ १५० दिवसांचा असतो. व्यवस्थापन चांगले असल्यास दोन वर्षांत तीन वेत मिळतात. दर वेताला सरासरी दीड करडू धरले, तर दहा शेळ्यांपासून वर्षाला बावीसच्या आसपास करडे होतात. त्यातील पाचवा हिस्सा दगावला आणि तीन पाटी कळपासाठी राखल्या, तर पंधरा नग विक्रीला उरतात. समजुतीसाठी प्रत्येकी सहा हजार रुपये भाव धरल्यास ही रक्कम ९० हजार होते. मात्र निम्मी करडे दगावली, तर विक्रीला आठच उरतात आणि रक्कम ४८ हजारांवर येते. खाद्य-औषधांचा खर्च वजा करण्यापूर्वीच हे उत्पन्न दिवसाला सुमारे १३० रुपये पडते. एवढ्यासाठी घरातील एक माणूस वर्षभर कळपामागे गुंतवून ठेवणे मजुरी करणाऱ्या कुटुंबास परवडत नाही. म्हणजेच नफा-तोट्याचा खरा निकाल बाजारभावाइतकाच करडांच्या मरतुकीवर लागतो.

कोकणात ही मरतूक रोखणे अधिक कठीण आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल्या जमिनीवर बसणाऱ्या शेळ्यांचे खूर सडतात, जंतांचा प्रादुर्भाव वाढतो, करडांना फुफ्फुसाचा दाह होतो. पीपीआर आणि आंत्रविषार या रोगांवर लस असली, तरी ती वेळेवर टोचली गेली पाहिजे. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या उस्मानाबादी शेळीला हे हवामान मानवेलच असे नाही. सिंधुदुर्गातील 'कोकण कन्याळ' ही जात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पुढे आणली, ती मुसळधार पावसात टिकाव धरते म्हणूनच. परंतु जात कोणतीही असो, जमिनीपासून उंच, फटी ठेवलेल्या फळ्यांचा आणि पक्क्या छपराचा गोठा कोकणात चैनीचा भाग ठरत नाही. ती पहिली गरज आहे.

नेमकी येथेच योजनेची रचना अपुरी पडते. राज्य शासनाच्या दहा शेळ्या आणि एक बोकड या गटवाटप योजनेचे दर २०२१ मध्ये सुधारण्यात आले. उस्मानाबादी व संगमनेरी जातींसाठी गटाची किंमत १ लाख ३ हजार ५४५ रुपये, तर अन्य स्थानिक जातींसाठी ७८ हजार २३१ रुपये ठरली. दुसऱ्या रकमेची फोड पाहण्यासारखी आहे. प्रत्येकी सहा हजारांच्या दहा शेळ्या, आठ हजारांचा बोकड आणि उरलेले १० हजार २३१ रुपये विम्याचे. या किमतीत गोठ्याचा खर्च नाही आणि चाऱ्याचाही नाही. तो लाभार्थ्याने करावयाचा आहे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबास ७५ टक्के, म्हणजे ५८ हजार ६७३ रुपये अनुदान मिळते. उरलेले १९ हजार ५५८ रुपये त्याने स्वतः किंवा बँकेचे कर्ज काढून उभे करायचे. त्याच वर्षी रोजगार हमीशी जोडलेल्या योजनेतून दहा शेळ्यांच्या गोठ्यासाठी ४९ हजार २८४ रुपयांची तरतूद झाली होती. परंतु तो अर्ज वेगळा, खाते वेगळे आणि गोठा बांधायचा तर पायाखालची जागा आपली असावी लागते. रायगडातील अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत.

याहून मोठी अडचण आहे ती काळाची. शेळी हाती आल्यापासून पहिला बोकड विकेपर्यंत, ती गाभण असेल तर दहा महिने आणि नसेल तर चौदा महिने सहज जातात. या काळात खर्च होतो, उत्पन्न होत नाही. दुसरीकडे वीटभट्टीचा मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, रोख उचल हातावर ठेवतो. ती घेतली की दिवाळीनंतर सारे कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते आणि पुढील पावसाच्या तोंडावर परतते. दहा शेळ्यांचा कळप भट्टीवर नेता येत नाही आणि ओस पडलेल्या वाडीत सोडूनही जाता येत नाही. अशा स्थितीत शेळ्या विकल्या गेल्या, तर त्यास लाभार्थ्याची अनास्था म्हणणे अन्यायाचे ठरेल. उचल देणाऱ्याला या कुटुंबाची नड जेवढी नेमकी कळते, तेवढी ती योजनेला कळलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चराईचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. खाडीकडील खारजमिनीत भात निघाल्यावर काही काळ शेळ्या फिरू शकतात. उधाणाने बंधारा फुटला की तेही थांबते. औद्योगिक वापरासाठी या पट्ट्यातील जमिनींना मागणी आहे. नियोजित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत जनमत घ्यावे लागले, ते याच जमिनींच्या प्रश्नावर. उरतो तो डोंगर. तेथे राखीव वनात जनावरे चारणे १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो आणि त्या कायद्यातील जनावरांच्या व्याख्येत शेळी व करडूही येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. मात्र तो ज्या वाडीच्या नावे प्रत्यक्ष नोंदला गेला, तेथेच त्याचा उपयोग. मोकाट चराईने कोवळी रोपे नष्ट होतात, हा वनखात्याचा आक्षेपही अनाठायी नाही. त्यामुळे शेवरी, सुबाभूळ यांसारखा झाडपाला बांधावर लावून अर्धबंदिस्त पालन करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. त्यासाठीही बांध स्वतःचा लागतोच.

जनावरे वाटून गरिबी हटविण्याचा प्रयोग नवा नाही. १९७८-७९ मध्ये सुरू होऊन २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर लागू झालेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाने कर्ज आणि अनुदान यांची जोड देऊन हेच केले. १९९९ मध्ये तो दुसऱ्या योजनेत विलीन झाला, वाटपाची पद्धत मात्र कायम राहिली. याउलट बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांसाठी वेगळी वाट धरली. जनावराबरोबर प्रशिक्षण, नियमित घरभेटी, बचतीची सोय आणि पहिले काही महिने पोटापुरता भत्ता, असे सारे एकत्र देण्यात आले. याच धर्तीवर भारतासह सहा देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा हजारांहून अधिक कुटुंबांच्या या अभ्यासात मदत थांबल्यावर वर्षभरानेही उत्पन्न व खाण्यावरील खर्च वाढलेला आढळला. भारतातील प्रयोग पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात झाला. तेथील बहुतेक कुटुंबांनी जनावरांचीच निवड केली होती आणि दहा वर्षांनंतरही त्याचा लाभ टिकून असल्याचे दिसले.

या अनुभवाचा वडखळ परिसरासाठी अर्थ स्पष्ट आहे. गटाची किंमत, गोठा आणि पहिल्या वर्षाचा उदरनिर्वाह या तीन गोष्टी तीन खात्यांत विखुरण्याऐवजी एका अर्जात आल्या पाहिजेत. शेळ्यांचे वाटप पावसाळा संपताना आणि शक्यतो गाभण शेळ्यांचे व्हावे, म्हणजे पहिली करडे कोरड्या हवेत वाढतील. उचल घेण्याचे दिवस पावसाळ्यातच येत असल्याने भत्ता मात्र त्याआधी हाती पडला पाहिजे. लसीकरण आणि जंतनाशकासाठी वाडीतीलच एखाद्या महिलेस पशुसखी म्हणून तयार करणे हे दूरच्या दवाखान्यावर विसंबण्यापेक्षा स्वस्त पडेल. अनेकांना दहा शेळ्या झेपणार नाहीत. त्यांना चारपासून सुरुवात करण्याची मुभा हवी.

राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर शेळ्यांच्या गटापासून पुढे ५० टक्के, म्हणजे १० ते ५० लाखांपर्यंत अनुदानाची सोय आहे. त्यातून उद्योजक उभे राहतील आणि ते राहावेतही. पण ज्या कुटुंबाकडे १९ हजारांचा हिस्सा भरण्याची ऐपत नाही, त्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्या कुटुंबाला दिवाळीनंतर वाडीतच थांबणे परवडते की नाही, हा या योजनेच्या यशाचा खरा निकष आहे. वाटलेल्या शेळ्यांची संख्या मोजण्याऐवजी दोन वर्षांनी किती घरे भट्टीवर गेली नाहीत याची मोजणी सुरू झाली, तर पुढची योजना अधिक शहाणपणाने आखता येईल.