यकृत कुणाचे, विज्ञान कुणाचे?

गर्भाच्या यकृतातील पेशी उंदराच्या पोटात सोडून त्याचे निकामी यकृत सावरता येईल काय, असा प्रश्न निघाला की पुरोगामी वर्तुळातूनही ठरावीक उत्तर येते : गरीब देशाला हे चोचले कशाला? आधी स्वच्छ पाणी द्या!

पाणी दिलेच पाहिजे. १९५५-५६ साली दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, ती पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळेच. परंतु पाण्याची मागणी पुढे करून संशोधनाची मागणी सोडून देणे म्हणजे हे क्षेत्र भांडवलाला आंदण देणे होय.

इतिहास काय सांगतो? भारतात पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण १९९८ मध्ये झाले, ते दिल्लीतील खासगी रुग्णालयात. नागपुरात ते २०१८ मध्ये सुरू झाले, तेही खासगी रुग्णालयातच. खर्च लाखांच्या घरात. विदर्भातील शेतमजुराने किंवा विणकराने तो कोठून उभा करावा?

पेशी-प्रत्यारोपणाचे महत्त्व येथेच आहे. यकृताला स्वतःहून भरून येण्याची शक्ती असते. बाहेरून सोडलेल्या पेशींनी काही दिवस भार उचलला, तर संपूर्ण अवयव बदलण्याची वेळ टळू शकेल, हा त्यामागील विचार. १९७६ मध्ये मिनेसोटाच्या शास्त्रज्ञांनी जन्मजात कावीळ असलेल्या उंदरांना निरोगी यकृतपेशी दिल्या, तेव्हा त्यांच्या रक्तातील बिलिरुबिन उतरले. गर्भाच्या पेशींत वाढीची क्षमता अधिक, म्हणून संशोधक त्यांच्याकडे वळले. १९९४ मध्ये हैदराबादच्या डॉक्टरांनी यकृत अकस्मात निकामी झालेल्या ७ रुग्णांवर अशा पेशींचा प्रयोग प्रसिद्ध केला. सात रुग्णांवरून निर्णय होत नाही. हा उपचार आजही सिद्ध झालेला नाही. म्हणूनच प्राण्यांवरील चिकाटीच्या, नफ्याची घाई नसलेल्या प्रयोगांची गरज आहे.

बाजाराला मात्र सिद्धतेची वाट पाहवत नाही. मोजक्या मान्य उपचारांपलीकडे मूळपेशींचा व्यापार करण्यास २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मज्जाव केला, तो उगाच नव्हे. हताश रुग्ण हे व्यापाऱ्याचे सर्वांत सोपे गिऱ्हाईक असते.

मानवी गर्भाच्या ऊतींचा प्रश्न आला, तर आणखी एका व्यक्तीचा विचार आधी झाला पाहिजे : त्या स्त्रीचा. १९७१ च्या कायद्याने तिला मर्यादित का होईना, सुरक्षित गर्भपाताची वाट मिळाली. तिचा निर्णय आधी आणि स्वतंत्र. ऊतींबाबतची संमती नंतर आणि निराळी. पैशाचा व्यवहार कदापि नाही. ही शिस्त सार्वजनिक देखरेखीखेरीज टिकणार नाही. जेथे गरिबी आहे, तेथे ‘संमती’ विकत घेणारे दलाल उभे राहण्यास वेळ लागत नाही.

नागपूरकडे साधनांची वाण नाही. १९४७ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पशुवैद्यकीय महाविद्यालय, पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आणि अलीकडचे ‘एम्स’ या सर्व संस्था जनतेच्या पैशावर उभ्या आहेत. पाण्याचा अभ्यास करणारी ‘नीरी’ही येथेच आहे. मग पाणी की प्रयोगशाळा, हा वाद कशासाठी?

कार्यकर्त्यांनी दोन्ही मागण्या एकाच निवेदनात मांडाव्यात : वस्तीला शुद्ध पाणी, आणि शासकीय संस्थांत यकृतरोगाचे संशोधन व उपचार. ज्या विज्ञानाकडे चळवळ पाठ फिरवते, त्याची मालकी आपोआप धनिकांकडे जाते. ती परत मिळवायला पुढे पिढ्या खर्ची पडतात.