बिल्ला लावला म्हणजे झाले?

आमच्या महाविद्यालयात स्वयंसेवक व्हायला कोणी नाही म्हणत नाही. तालुक्याच्या शालेय मैदानी स्पर्धा जवळ आल्या, क्रीडाशिक्षकांनी नावे मागितली, की दहा मिनिटांत कागद भरतो. तासांना सुट्टी मिळते, छातीवर बिल्ला लागतो, दुपारी पोहे मिळतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. मीही दोन वर्षे असाच गेलो. यंदा मात्र जे घडले त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. तो इतरांना चार गोष्टी सांगण्यासाठी आहे हे खरे, पण आधी स्वतःचा गुन्हा कबूल करण्यासाठी आहे.

नांदुऱ्याला ज्यांनी पाहिले आहे त्यांना हमरस्त्यावरची १०५ फुटी हनुमानाची मूर्ती ठाऊक असते. बलाच्या देवतेचे आपल्या गावाला मोठे कौतुक. परंतु बलाची खरी परीक्षा होते ती काळ्या मातीच्या मैदानावर, फक्कीने आखलेल्या वाकड्यातिकड्या पट्ट्यांत. आसपासच्या खेड्यांतली मुले सकाळच्या एस.टी.ने किंवा ऑटोत दाटीवाटीने बसून येतात. कित्येकांच्या पायांत बूट नसतात. चपला रेषेबाहेर काढून ठेवायच्या आणि अनवाणी धावायचे. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून अमरावती विभाग आणि मग राज्य अशी ही शिडी आहे. तिची पहिली पायरी आमच्यासारख्या बिल्लेवाल्यांच्या हाती असते.

मुलींची २०० मीटर धाव होती. मला दुसरा क्रमांक टिपायचे काम दिले होते. काम सोपे वाटते. रेषेला जी दुसरी लागेल तिचा हात धरायचा आणि टेबलापाशी न्यायचे. पण पहिली येत होती ती आमच्या गल्लीतली. मी तिच्याकडेच पाहत राहिलो, टाळ्याही वाजवल्या. भानावर आलो तेव्हा मागच्या दोघी जवळजवळ एकदमच रेषेपार झाल्या होत्या. एकीने हात पुढे ताणला होता, एवढे तेवढे डोळ्यांत राहिले. मी तिचाच हात धरला. शेजारी घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या सरांनी विचारले, “नक्की का रे? लाल रिबिनवाली पुढे नव्हती?” मी म्हणालो, “नाही सर, मी पाहिलं.”

मी पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने लाल रिबिनवाली मुलगी हातात चपला घेऊन माझ्यापाशी आली. “दादा, मी दुसरी आल्ती ना जी?” मी यादीकडे बोट दाखवले. तिने वाद घातला नाही. तिच्यासोबतचे गुरुजी पलीकडच्या मैदानावर खो-खोच्या पोरांत अडकले होते. निकाल जाहीर झाल्यावर ठरावीक वेळात हरकत घेता येते, ॲथलेटिक्सच्या नियमांत ही मुदत ३० मिनिटांची आहे, हे तिला कोण सांगणार? ते सांगणे माझेच काम होते, आणि सांगितले असते तर माझीच चूक उघडी पडली असती. मी गप्प बसलो. संध्याकाळी मन खाऊ लागले म्हणून पंचांकडे गेलो, तोवर यादी सह्या होऊन पुढे गेली होती.

त्यानंतर मी नियम वाचले. आधी वाचायला हवे होते. धाव संपते ती हात, पाय किंवा डोके रेषेला लागले म्हणून नव्हे. धड रेषेवर आले पाहिजे. म्हणजे हात ताणणारीला मी जो मान दिला तो नियमातच बसत नव्हता. आणखी एक गोष्ट. १०० मीटरच्या धावेत घड्याळ लावणारा शेवटच्या रेषेवर असतो आणि पिस्तूल दुसऱ्या टोकाला उडते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे कानावर येईतो जवळजवळ ०.३ सेकंद गेलेले असतात. म्हणून घड्याळ धूर पाहून लावायचे, आवाज ऐकून नव्हे. तीन घड्याळे असतील आणि दोघांची वेळ जुळली तर ती धरायची; तिन्ही वेगळी असतील तर मधली धरायची. ही काही अवघड विद्या नव्हे. एका दुपारी शिकता येते. पण आम्हाला ती कोणी शिकवली नाही आणि आम्हीही विचारली नाही.

यावर माझे मित्र म्हणतात, “अरे, तालुक्याची तर स्पर्धा! एवढे काय मनावर घेतोस?” माझे म्हणणे नेमके उलटे आहे. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचे ४०० मीटर अडथळा शर्यतीतले कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. दुःख झाले, पण तिथे कॅमेरा होता. जे झाले ते खरे होते याची खात्री होती. आमच्या मैदानावर कॅमेरा म्हणजे आमचे दोन डोळे. तेच गल्लीकडे वळले तर वर दाद मागायला काही उरत नाही. स्पर्धा जितकी लहान, तितकी स्वयंसेवकाची जबाबदारी मोठी.

खेळाडूच्या बाजूने बोलणारे कोणी नसले म्हणजे काय होते याचे उदाहरण तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. तिथे एका दमवणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता पुढच्या कुस्तीला उभे केले गेले आणि हरकत घ्यायला आपला कोणी अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. खाशाबांना जे सोसावे लागले, तेच लाल रिबिनवालीला लहान प्रमाणात सोसावे लागले.

आपल्याकडे बर्फ नाही, पण गुलमर्गच्या उतारावर स्कीच्या शर्यती होतात. काठ्या रोवून दारे केलेली असतात आणि स्पर्धक प्रत्येक दारातून नीट गेला की नाही हे पाहायला पंच गारठ्यात उभे असतात. एक दार चुकले की स्पर्धक बाद. त्या माणसाचे नाव कोणी विचारत नाही. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेलेला गुलमर्गचा आरिफ खान अशाच शर्यतींतून वर आला. दारापाशी उभ्या असणाऱ्यांनी नजर इकडेतिकडे केली असती, तर त्या शर्यतींना काय अर्थ राहिला असता?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, स्पर्धेच्या आधी अर्धा दिवस स्वयंसेवकांना मैदानावर शिकवावे. ३-४-५ च्या मापाने काटकोन धरून फक्की टाकण्यापासून घड्याळ लावण्यापर्यंत सारे. दुसरी, ज्याच्या गावचे किंवा नात्याचे कोणी धावत असेल त्याला त्या धावेच्या रेषेवर ठेवू नये. त्याला पाणी वाटायला द्यावे. तिसरी, एक ताई किंवा दादा केवळ खेड्यांतून आलेल्या मुलांसाठी असावा. नियम सांगणारा, हरकत लिहून देणारा. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. हे काम शिकलेल्यालाच त्याचे तास मिळावेत, नुसते उभे राहणाऱ्याला मिळू नयेत.

पुढच्या वर्षी मी पुन्हा नाव देणार आहे. ती मुलगी वयोगटात बसत असेल तर पुन्हा येईल, अशी आशा आहे. तिला काय सांगायचे ते मी ठरवले आहे: “ताई, मागच्या वर्षी मी पाहिलं नव्हतं.” एवढे वाक्य त्या दिवशी बोलायला मला धीर झाला नाही. आपल्यापैकी जो कोणी बिल्ला लावील त्याने निदान हे एक वाक्य पाठ करून यावे. दिसले नसेल तर दिसले नाही म्हणावे.