पहाऱ्यांतील सूट

संगणकाच्या पहाऱ्याविषयीं या सदरांत कधीं लिहावें लागेल, असें आम्हांस वाटलें नव्हतें. परंतु गेल्या चैत्रांत आमच्या घरीं जें घडलें तें वाचकांपासून लपवून ठेवणें योग्य नव्हे. कारण तसलाच संगणक आणि तसलाच गाफीलपणा आज पुष्कळ घरीं नांदत असावा.

आमचें कुटुंब एकत्र. घरांत माणसें अकरा व संगणक एक. वडील बंधूंचे हिशेब, सूनबाईंच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, मुलांचे खेळ आणि कैलासवासी मातोश्रींच्या आवाजांत मुद्रित करून ठेवलेल्या चाळीस ओव्या, असा सगळा संसार त्याच्या ‘डी’ ड्राइव्हमध्यें सुखानें चालला होता. तीन वर्षांपूर्वीं मार्चअखेरीस हिशेबाचा प्रोग्राम फारच मंद चालूं लागला. दुरुस्तीस बोलाविलेल्या गृहस्थांनीं सांगितलें कीं, अँटिव्हायरस हिशेबाची फाईल वारंवार तपासतो, त्यामुळें हा खोळंबा होतो. त्यांचें निदान खोटें नव्हतें. उपाय मात्र त्यांनीं असा केला कीं, सबंध ‘डी’ ड्राइव्हच न तपासण्याच्या यादींत घालून टाकला. काम झपाट्यानें होऊं लागलें. आम्हीं त्यांस चहा दिला व त्यांच्या हुशारीची तारीफ केली. त्या ड्राइव्हमध्यें आणखी काय काय आहे, हें त्यांनीं विचारलें नाहीं व आम्हींहि सांगितलें नाहीं.

यंदा चैत्रांत धाकट्या पुतण्यानें मित्राकडून एक खेळ आणला. तो परवलीच्या शब्दानें बंद केलेल्या झिप फाइलींत होता. अशा कुलूपबंद पेटींत अँटिव्हायरसला डोकावतां येत नाहीं. पेटी उघडून आंतील जिन्नस बाहेर आला म्हणजेच त्याला तो पाहतां येतो. मुलानें पेटी उघडली ती नेमकी ‘डी’ ड्राइव्हमध्यें. पहारेकऱ्यानें हूं कीं चूं केलें नाहीं. संध्याकाळपर्यंत सर्व फाइलींच्या नांवांपुढें भलतींच शेपटें लागलीं, एकहि उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. खंडणी आम्हीं दिली नाहीं. हिशेबांची प्रत सनदी लेखापालांकडे होती, ती मिळाली. ओव्यांपैकीं अकरा तेवढ्या नागपुरास दिलेल्या आमच्या भगिनीच्या फोनमध्यें निघाल्या. बाकीच्या एकोणतीस गेल्या.

पुतण्या दोन दिवस नीट जेवला नाहीं. शेवटीं वडील बंधूंनीं त्याला जवळ बसवून सांगितलें, “बाळ, दार तूं उघडलेंस हें खरें; पण त्या बाजूस पाहूं नकोस, असें पहारेकऱ्याला आम्हीं मोठ्यांनींच बजावून ठेवलें होतें.” आमच्या मतें दोषाची वांटणी याहून न्याय्य करतां येणार नाहीं.

कोणती फाईल तपासावी व कोणती सोडावी, हा प्रश्न जुना आहे. पूर्वीं मुख्यतः चालणारे प्रोग्राम तेवढे तपासले तरी भागतें, असा समज होता. १९९५ सालीं ‘कॉन्सेप्ट’ नांवाचा विषाणु वर्डच्या साध्या दस्तऐवजांतून पसरला आणि पत्र किंवा निबंध निरुपद्रवीच असतो ही समजूत फोल ठरली. ४ मे २००० रोजीं ‘आय लव्ह यू’ या मथळ्याची पत्रें जगभर पसरलीं. त्यांसोबतच्या फाइलीचें नांव मजकुराच्या फाइलीसारखें दिसे. तिचें खरें शेपूट, म्हणजे ती चालणारी आज्ञावली असल्याची खूण, विंडोज नेहमींच्या रीतीनें झांकून ठेवी. तेव्हां नांवावरून किंवा प्रकारावरून फाइलीची पारख करूं जाणें धोक्याचें आहे.

मग सूट मुळींच देऊं नये काय? तसेंहि म्हणतां येत नाहीं. पहारेकरीहि माणसांप्रमाणेंच चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकाफी कंपनीच्या एका सदोष सुधारणेनें विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाईल विषाणु ठरविली आणि असंख्य संगणक बंद होऊन पुन्हां पुन्हां सुरू होत राहिले. चोर सोडून संन्याशाला फांशी, असा हा प्रकार. अशा वेळीं, किंवा हिशेबासारख्या कामाचा खरोखर खोळंबा होत असतां, सुटीची सोय उपयोगी पडते.

विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरमध्यें ही सूट चार प्रकारें देतां येते: एका फाइलीस, एका फोल्डरास, फाइलींच्या एका सबंध प्रकारास, अथवा एखाद्या प्रोसेसला म्हणजे चालत्या प्रोग्रामाला. फाइलीची सूट सर्वांत अरुंद. फोल्डराची सूट त्याच्या पोटांतील सर्व फोल्डरांस लागू होते. प्रकाराची सूट तर घरभर लागू होते, म्हणून ती देण्यापूर्वीं दहादां विचार करावा. प्रोसेसच्या सुटींत तो प्रोग्राम ज्या फाइली उघडील त्या, उघडण्याच्या वेळीं, तपासल्या जात नाहींत.

दिलेली सूट कायमची समजूं नये, हेंहि ध्यानीं ठेवावें. कचेऱ्यांचें टपाल सांभाळणाऱ्या एक्सचेंज या प्रोग्रामाच्या कांहीं फोल्डरांस व प्रोसेसांस सूट द्यावी, असें खुद्द मायक्रोसॉफ्ट पूर्वीं सांगत असे. फेब्रुवारी २०२३ मध्यें तिनेंच त्यांतील कांहीं सवलती काढून टाकण्यास सांगितलें. कारण चोरांनीं पेरलेले छुपे मार्ग त्या सवलतींमुळें ओळखूं येत नसत. जाणत्या कंपनीला आपली यादी फिरून तपासावी लागते, तर आपणांस कां लागूं नये?

आतां आमच्या घरीं ठरलेले नियम सांगतों. विंडोज सिक्युरिटींत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ या भागाच्या सेटिंग्जमध्यें ‘एक्सक्लूजन्स’ची यादी असते, ती दर तीन महिन्यांनीं वडील बंधू पाहतात. आपण न घातलेलें नांव तींत आढळलें तर तो धोक्याचा इशारा समजावा, कारण विषाणुहि अधिकार मिळतांच स्वतःचें नांव तेथें घालून ठेवतात. सूट हिशेबाच्या एकाच फोल्डरास आहे, व त्यांत दुसरें कांहींहि ठेवावयाचें नाहीं. डाउनलोड्स, डेस्कटॉप व पेनड्राइव्ह यांस सूट नाहीं. मुलांचें खातें निराळें असून त्यांस यादी बदलण्याचा अधिकार नाहीं. जो खेळ चालण्यासाठीं अँटिव्हायरस बंद करावयास सांगतो, तो खेळ घरांत येत नाहीं. सूट कोणी, कधीं व कां दिली, हें एका वहींत तारखेनिशीं लिहिलें जातें.

पहारेकरी जागा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ‘आयकार’ या युरोपीय संस्थेच्या नांवाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चांचणी-फाईल आहे. ती ज्या फोल्डरांत ठेवली असतां कांहींच आरडाओरड होत नाहीं, तेथें त्याची नजर पोंचत नाहीं असें समजावें. ही चांचणी तीन वर्षांपूर्वीं कोणी केली असती, तर आमचें अज्ञान पांच मिनिटांत उघडें पडलें असतें.

राहिलेल्या अकरा ओव्या आतां तीन ठिकाणीं ठेवल्या आहेत, आणि त्यांपैकीं एक प्रत संगणकापासून सुटी करून कपाटांत असते. वाचकांनीं आजच संध्याकाळीं घरांतील जाणत्या मुलास जवळ बसवून आपली यादी एकदां उघडून पाहावी, एवढीच विनंति.