‘गोदावरी’ आणि घरोघरची मते

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील स्नेह्यांच्या घरी सांप्रत एका चित्रपटावरून बराच वाद चालला आहे. चित्रपट नवा नव्हे. श्री. निखिल महाजन दिग्दर्शित ‘गोदावरी’ ११ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रदर्शित झाला. परंतु तो घरच्या पडद्यावर तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहिला, म्हणजे वाद नवा होतो.

कथानक थोडके आहे. निशिकांत देशमुख नामक गृहस्थ नाशकास, नदीच्या काठी, स्वतःच्या माणसांपासून तुटून एकटा राहतो. भाडेवसुली हा त्याचा उद्योग आणि चिडणे हा स्वभाव. नदीवरही त्याचा राग. पुढे मृत्यू समोर उभा राहतो, आणि ज्या घराकडे पाठ फिरविली होती तिकडे त्यास तोंड वळवावे लागते. ह्या भूमिकेबद्दल श्री. जितेंद्र जोशी ह्यांस २०२१ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात रौप्य मयूर मिळाला, तर दिग्दर्शकास त्या सालाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पारितोषिके मिळाली म्हणून कृती आवडलीच पाहिजे असे मात्र नव्हे.

वडील मंडळींचा पहिला आक्षेप असा की, नाशिकसारख्या क्षेत्राची घाण जगास कशाला दाखवावी? मलकापुरास गाडीत बसून, अस्थींचा कलश मांडीवर घेऊन जो नाशिकरोडास उतरला आहे, त्याने रामकुंड पाहिलेले असते. ओल्या पायऱ्या, निर्माल्य, गर्दी, दक्षिणेची घासाघीस, सारे तेथे असते आणि कलश रिता करताना हात कापावयाचा तो कापतोच. शिवाय ही नदी आम्हांस परकी नव्हे. मेहकराकडील पैनगंगेचे नि देऊळगाव राजाकडील खडकपूर्णेचे पाणी शेवटी गोदावरीसच मिळते. (घाटाखालचे आमचे मित्र तापीचे, त्यांनी रुसू नये.)

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. “दुःखाचा चित्रपट म्हणता, पण आम्हांस रडू आले नाही,” असे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले. आमची पिढी ज्या नाटकांवर वाढली त्यांत दुःख म्हणजे अश्रू, आणि अश्रूंनंतर सांत्वन. येथे नायक दुःखाने रडत नाही, तो खेकसतो. आमच्या मते चित्रपटाचे मर्म नेमके हेच आहे. ज्या दुःखास वाट मिळत नाही ते रागाच्या रूपाने बाहेर पडते, आणि भोवतालची माणसे तो स्वभावदोष समजून दूर सरतात.

आता कोणी म्हणेल, शहरातील एकट्या माणसाचे हे होते. एकत्र कुटुंबात तसे होत नाही. शेजारघरून पिठलेभात येतो, आप्त समाचारास येतात, दहावा-तेरावा दिवस नेमून दिलेला असतो. ह्या व्यवस्थेत मोठे शहाणपण आहे हे आम्ही मानतो. परंतु मेहकरच्या एका भगिनीने चित्रपट संपल्यावर जे सांगितले ते आमच्या मनातून जात नाही. “सासूबाई गेल्या, तेव्हा मुक्कामास आलेल्या भाऊबंदांची ताटे मांडण्यात माझे तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी तोंड गोड झाले आणि सगळे म्हणाले, आता कामाला लागा. मी तर कामालाच होते!” त्या बाईंस सासूचा फार लळा होता. पुढे सहा महिने त्या मुलांवर ओरडत असत, आणि घरातील एकासही कारण उमगले नाही. भरल्या घरातला निशिकांत तो हाच नव्हे काय?

शोकास विधीची वाट मिळणे ही सुद्धा दैवाची गोष्ट असते, हे ह्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस जळाली, २५ माणसे गेली. देह ओळखता येईनात. दुसऱ्या दिवशी २४ जणांवर बुलढाण्यात एकत्रच अग्निसंस्कार झाले. आपल्या माणसाच्या अस्थी वेगळ्या म्हणून हाती येऊ नयेत, त्या घरांनी कोणता कलश घेऊन नाशकास जावे? त्यानंतर हा चित्रपट पाहणाऱ्या बुलढाणेकरास त्यातील घाट निराळा दिसतो.

चित्रपटाच्या मुळाशीही एक वियोग आहे. ‘डोंबिवली फास्ट’चे दिग्दर्शक निशिकांत कामत १७ ऑगस्ट २०२० रोजी निवर्तले, त्या मित्राच्या आठवणीतून ही कृती उभी राहिली आणि नायकास त्यांचेच नाव दिले गेले. स्मृती हरपलेल्या आजोबांचे काम करणारे विक्रम गोखले प्रदर्शनानंतर पंधरवड्यातच, २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेले.

उत्तरार्ध काहीसा रेंगाळतो, ही तक्रार आम्हांसही मान्य आहे. मुलांस दाखवावा काय, असे पुष्कळांनी विचारले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांस अवश्य दाखवावा. मात्र आजी-आजोबांस शेजारी बसवावे, आणि मुलाने मध्येच काही विचारले तर पडदा थांबवून त्यास उत्तर द्यावे. आणि ज्या घरी वर्षाच्या आत कोणी गेले असेल, तेथे आधी घरातील बायकांस विचारावे, की आज पाहावयाचा की पुढे कधी.