मध्यम शहरांतील अमेरिका

आमच्या शाळेंतून शिकून गेलेले जे विद्यार्थी आज अमेरिकेंत आहेत, त्यांचे पत्ते पाहिले तर न्यूयॉर्क किंवा शिकागो हीं नांवें फार थोडीं आढळतात. डेटन, टोलेडो, विचिटा, रॉचेस्टर अशीं, घरच्या मंडळींस नकाशावर शोधावीं लागणारीं गांवेंच त्यांत अधिक असतात. असें असूनही मुलाचें परदेशीं जाणें ठरलें म्हणजे आपल्या घरांत बोलणीं होतात तीं उंच इमारतींचीं आणि डॉलरच्या भावाचीं. शेत गहाण टाकून किंवा बँकेचें कर्ज काढून मुलास धाडणाऱ्या पालकांना, तो ज्या गांवांत राहणार तेथील रीत मुळींच ठाऊक नसावी, हें आम्हांस उचित वाटत नाहीं. म्हणून ओहायो संस्थानांतील डेटन ह्या शहराविषयीं, जेथें आम्हांस कांहीं महिने राहावयास मिळालें, आमचें मत येथें मांडीत आहों.

डेटन शहर १७९६ साली ग्रेट मायामी नदीच्या कांठीं वसलें. २०२० च्या खानेसुमारींत त्याची वस्ती १,३७,६४४ भरली. म्हणजे तें आपल्याकडील एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणाएवढेंच. राईट बंधूंचें सायकलींचें दुकान ह्याच गांवीं होतें, आणि १९०३ सालच्या पहिल्या उड्डाणानंतर १९०४ व १९०५ ह्या दोन वर्षांत त्यांनीं आपलें विमान गांवाजवळच्या हफमन माळावर सुधारलें. परंतु तेथें नव्यानें गेलेल्या मनुष्याच्या मनावर पहिला ठसा उमटतो तो तेथील शांततेचा. लाकडी घरें, घरापुढें हिरवळ, रुंद रस्ते, आणि रस्त्यांवर माणूस नाहीं. भाजीवाल्याची आरोळी नाहीं, ओट्यावर बसलेलें कोणी नाहीं. वाण्याचें दुकान, दवाखाना, देऊळ, सर्व एकमेकांपासून इतकीं दूर कीं मोटारीवांचून चालत नाहीं. बसगाडी आहे, पण तिची वाट पाहत थंडींत उभें राहणें किती कठीण, हें तेथें गेलेला गरीब विद्यार्थीच जाणे.

घरकामाला नोकर मिळत नाहीं, व मिळाला तर परवडत नाहीं. स्वयंपाक, भांडीं, धुणें, आणि हिवाळ्यांत दारापुढच्या पायवाटेवरील बर्फ काढणें, हें सारें प्राध्यापक काय आणि विद्यार्थी काय, ज्याचें त्यानेंच करावयाचें. उन्हाळ्यांत रात्रीं नऊ वाजेपर्यंत उजेड असतो; पण डिसेंबरांत सवापांचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मग एकट्या मुलाला संध्याकाळ खावयास उठते. शेजारी भले असतात, नव्या बिऱ्हाडाला घरीं भाजलेला केक आणून देतात. परंतु आगाऊ कळविल्यावांचून कोणी कोणाच्या दारीं जात नाहीं. शिवाय विम्यावांचून दुखणें आलें तर एका रात्रीच्या इस्पितळाचा खर्च वर्षाची शिल्लक गिळून टाकतो. हें सर्व पालकांनीं मुलास आधींच सांगावें. ज्या मुलानें घरीं कधीं स्वतःचें ताट विसळलें नाहीं, त्याला गणितांतील शंभर गुण तेथें फारसे तारीत नाहींत.

नोकरीचा भरंवसा तरी आहे काय? १९६० साली ह्याच डेटनची वस्ती २,६२,३३२ होती. साठ वर्षांत ती जवळजवळ निम्म्यावर आली. पुष्कळ लोक उपनगरांत गेले, आणि मागाहून कारखानेही गेले. शेजारच्या मोरेन येथील जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २००८ च्या नाताळाच्या दोन दिवस आधीं बंद झाला. दुकानांतील पैसे मोजण्याचीं यंत्रें करणाऱ्या ज्या एन.सी.आर. कंपनीनें तें गांव नांवारूपास आणलें, तिनें २००९ साली आपलें मुख्य ठाणें जॉर्जियांत नेण्याचें ठरविलें. कंपनीच्या जोरावर शंभर वर्षें नांदलेल्या गांवाची जर ही अवस्था, तर एका कंपनीच्या पत्रावर सबंध आयुष्याचे मनोरे रचणाऱ्या तरुणानें सावध असावें, हें सांगणें नलगे.

तथापि असलें गांव पाहून शिकण्यासारखें कांहीं नाहीं, असें म्हणणारा मनुष्य आंधळाच होय. १९१३ च्या मार्च महिन्यांत, ईस्टरच्या सणानंतर दोनच दिवसांनीं, नदीचे बांध फुटले. भर बाजारपेठेंत वीस फुटांपर्यंत पाणी चढलें, आणि मायामीच्या खोऱ्यांत साडेतीनशेंहून अधिक माणसें दगावलीं. पाणी ओसरल्यावर लोक रडत बसले नाहींत, किंवा राजधानीकडे अर्ज धाडून स्वस्थही राहिले नाहींत. चिखल पुरता धुतला गेला नव्हता तोंच नागरिकांनीं वीस लाख डॉलर वर्गणी उभी केली आणि आर्थर मॉर्गन नांवाच्या इंजिनीयरास कामावर नेमलें. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला, वाद झाले; तरी १९१४ साली संस्थानाच्या विधिमंडळानें कायदा केला आणि १९१८ ते १९२२ ह्या काळांत पांच धरणें पुरीं झालीं. ह्या धरणांत एरव्हीं पाणी सांठवीत नाहींत. त्यांच्या पायथ्याशीं कायमच्या उघड्या वाटा ठेविल्या आहेत. पूर आला म्हणजे खालच्या पात्रास सोसेल तेवढेंच पाणी त्यांतून निघतें, व उरलेलें मागच्या मोकळ्या जमिनीवर पसरून सावकाश ओसरतें. तेथें घरें बांधूं देत नाहींत. ऑसबर्न नांवाचें एक गांव ह्या जमिनींत येत होतें, तर त्यांतील घरें उचलून दुसरीकडे नेलीं. खर्च वसूल केला तो, ज्यांच्या जमिनींना व घरांना लाभ झाला त्यांच्याकडून, लाभाच्या मानानें. त्यानंतर शेंकडों वेळां ह्या धरणांनीं पुराचें पाणी अडविलें आहे.

ही वृत्ति त्या एका संकटापुरतीच होती असें नाहीं. २०१२ साली तेथील मतदारांनीं आपल्यावर कर बसवून घेऊन ग्रंथालयांच्या इमारतींसाठीं १८ कोटी ७० लाख डॉलरांचें कर्ज मंजूर केलें. त्या ग्रंथालयांत कोणींही जावें, फी न देतां पुस्तकें घरीं न्यावीं. पंडिता रमाबाईंनीं १८८६ ते १८८८ ह्या काळांत अमेरिकेंत राहून १८८९ साली तेथील लोकस्थितीवर मराठींत ग्रंथ लिहिला, तेव्हां शाळा, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिति ह्यांचीच त्यांनीं बारकाईनें चौकशी केली. अमेरिका कोणत्या दृष्टीनें पाहावी, ह्याचा धडा मराठी माणसाला तेव्हांच मिळालेला आहे.

परंतु त्याच गांवाचें पाप झांकून ठेवणें आम्हांस शोभणार नाहीं. डेटनच्या सेंट्रल हायस्कूलांत ऑर्व्हिल राईट आणि पॉल लॉरेन्स डनबार हे एका वर्गांत होते. डनबार हा गुलामगिरींतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा, वर्गांतील एकटाच कृष्णवर्णीय विद्यार्थी. १८९० साली त्यानें आपल्या समाजासाठीं काढलेलें वर्तमानपत्र ऑर्व्हिलनेंच छापून दिलें. पण शाळा सुटल्यावर ह्या बुद्धिमान मुलाला कचेरींत कोणी बसवून घेईना. त्याला लिफ्ट चालविण्याची नोकरी पत्करावी लागली, आणि तिच्यांतच फुरसत काढून त्यानें कविता लिहिल्या. पुढें १९३० नंतरच्या दशकांत सरकारी कर्जमंडळानें शहराचे नकाशे केले, तेव्हां नदीच्या पश्चिमेकडील कृष्णवर्णीयांची वस्ती तांबड्या रंगानें दाखविली गेली, आणि त्या भागांत घरासाठीं कर्ज मिळणें दुष्कर झालें. ती नदी आजही दोन शहरांची सीमा असावी तशी वाहते. पुराचें पाणी अडविण्यासाठीं एक झालेले हात शेजाऱ्याला घर मिळवून देण्यासाठीं एक झाले नाहींत. शोमरोनी मनुष्याचा दृष्टांत रविवारीं ऐकणाऱ्या समाजाचें हें वर्तन होतें, म्हणून आम्हां ख्रिस्ती लोकांना त्याची लाज अधिक वाटली पाहिजे. अलीकडे पश्चिमेकडील लोकांनीं, जवळपास धड वाणसामानाचें दुकान उरलें नाहीं असें पाहून, भाग काढून सभासदांच्या मालकीचें दुकान उभें केलें. तें २०२१ साली उघडलें. तेंही त्याच जुन्या वर्गणीच्या मार्गानें झालें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तेव्हां आमचें मत असें कीं, मुलांनीं अमेरिकेस खुशाल जावें, पण केवळ पगाराचा आंकडा पाहून जाऊं नये. आणि पालकांनींही तेवढ्याच आंकड्यावर मुलास घालवूं नये. जाणाऱ्यानें आपलें काम आपल्या हातीं करण्याची संवय येथेंच लावून घ्यावी. तेथें गेल्यावर खोलींत कोंडून न घेतां ग्रंथालयांत, उपासनामंदिरांत, गांवच्या सभांत जावें, आणि तांबड्या नकाशाच्या पलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्याचीही ओळख करून घ्यावी. आणि जे येथेंच राहणार, ते तर संख्येनें अधिक आहेत. पंचगंगा व कृष्णा ह्यांनीं २००५, २०१९ आणि २०२१ साली आपलीं गांवें बुडविलीं. दर वेळीं आपण पूरग्रस्तांस धान्य व वस्त्रें दिलीं, हें चांगलेंच केलें. परंतु नदीच्या पात्रालगत नवें घर बांधण्याची परवानगी कोणी दिली, आणि ती आपण मुकाट्यानें कां देऊं दिली, हें विचारावयास आपल्यापैकीं किती जण नगरपालिकेच्या दारीं गेले? येत्या पावसाळ्यापूर्वीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या गल्लींतील पुराच्या पाण्याच्या खुणा मोजून त्यांचा एक नकाशा करावा, आणि पालकांसह तो नगरपालिकेंत नेऊन द्यावा, अशी आमची त्यांस सूचना आहे.